रॉयल वेल्च फ्युझिलियर्सच्या इतिहासाचे चार खंड : खानापूरच्या एका वाचकाचा अभिप्राय

रॉयल वेल्च फ्युझिलियर्स या वेल्श पायदळ पलटणीच्या अधिकृत नोंदींचे चार खंड पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत प्रसिद्ध झाले. त्यांच्या मूळ प्रती आता जुन्या ग्रंथांच्या बाजारातच मिळतात आणि त्यांची किंमत पेन्शनवर जगणाऱ्या शिक्षकाला पेलणारी नसते. म्हणून मी गेल्या जूनमध्ये, मागणी आल्यावर जुन्या पुस्तकाची प्रतिकृती छापून देणाऱ्या एका परदेशी विक्रेत्याकडून हा संच मागवला. टपालखर्च धरून मला 9,400 रुपये पडले. चार महिने रोज थोडे थोडे वाचून, काही भाग दोनदा वाचून, हा अभिप्राय लिहीत आहे. घाईत असलेल्या वाचकासाठी निर्णय आधीच सांगतो. मजकुरासाठी हा संच जरूर घ्यावा, छपाई आणि बांधणीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. चारही खंड घेणे परवडत नसेल, तर बेळगाव-खानापूर-चंदगडकडच्या वाचकाने चौथा खंड आधी घ्यावा.

चौथाच का, हे सांगण्यासाठी घरातली गोष्ट सांगावी लागेल. नंदगडजवळच्या एका वाडीत आमचे मूळ घर आहे. पलटणीत कोणीच गेले नाही असे घर आमच्या भागात शोधूनही सापडणे कठीण. बेळगावच्या कॅम्पात 1922 पासून मराठा पलटणीचे प्रशिक्षण केंद्र आहे, पण भरतीची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे. माझे पणजोबा 110व्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. त्यांच्याविषयी आमच्या घरात एकच वाक्य उरले होते, 'ते बसऱ्याला गेले आणि आलेच नाहीत.' आजीच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काशाची एक जड चकती होती. तिच्यावर हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, तिच्या पायाशी सिंह आणि एका चौकटीत पणजोबांचे नाव इंग्रजीत उठावाने कोरलेले आहे. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने अशी चकती पाठवली होती. सेनापती असो वा शिपाई, तिच्यावर हुद्दा लिहायचा नाही असा नियम होता, त्यामुळे पणजोबा कोण होते हे तिच्यावरून कळत नाही. बसऱ्याजवळच्या स्मारकावर तर हिंदी शिपायांची नावेही कोरली गेली नाहीत. पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे.

110वी पलटण डिसेंबर 1915 पासून कूतच्या वेढ्यात अडकली होती. कूत म्हणजे आजच्या इराकमधले टायग्रिस नदीकाठचे गाव, त्याला तुर्कांनी वेढा घातला होता. तिच्याबरोबर जंगी पलटण म्हणून ओळखली जाणारी 103वी आणि 117वी याही मराठा पलटणी होत्या. वेढा फोडायला बाहेरून जे सैन्य आले त्यात रॉयल वेल्च फ्युझिलियर्सची 8वी बटालियन होती. हे कळल्यावर मला वाटले, आतल्या माणसांविषयी आपल्याकडे कागद नाहीत, तर निदान बाहेरच्यांचे कागद वाचावेत. संच मागवण्याचे कारण एवढेच होते.

आता खंड. पहिल्या खंडात 1689 ते 1815 हा काळ आहे. इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध नवा राजा विल्यम याच्या बाजूने लढण्यासाठी लॉर्ड हर्बर्ट याने मार्च 1689 मध्ये ही पलटण उभी केली आणि ती लडलो या गावी उभी राहिली. लडलो वेल्समध्ये नाही, ते सीमेच्या पलीकडे इंग्लंडच्या हद्दीत आहे. वेल्सची सर्वांत जुनी पायदळ पलटण सीमेवरच्या गावात जन्मली, हे वाचताना सीमाभागातल्या वाचकाची नजर त्या ओळीवर जरा रेंगाळते. पुढे बॉइन, ब्लेनहाइम, 1759 ची मिंडेनची लढाई, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, पोर्तुगाल-स्पेनमधली मोहीम आणि वॉटर्लू असा प्रवास होतो. मिंडेनला ज्या सहा ब्रिटिश पायदळ पलटणी फ्रेंच घोडदळावर चालून गेल्या, त्यांतली एक ही होती. पायदळाने घोडदळावर चाल करणे म्हणजे त्या काळच्या युद्धशास्त्राची उलटी पावलेच म्हणायची. हा खंड अभ्यासकाच्या कामाचा आहे. सर्वसाधारण वाचकाने तो सलग वाचू नये, लढाई निवडून वाचावा, कारण तुकड्यांच्या हालचालींची वर्णने दीर्घ आहेत आणि युरोपचा नकाशा शेजारी उघडा ठेवल्याशिवाय ती डोक्यात बसत नाहीत.

1816 ते 1914 चा दुसरा खंड मला जास्त भावला, कारण पलटण आपली ओळख कशी जपते ते त्या शतकात ठळक दिसते. सैनिकांनी केसांची वेणी ठेवण्याची प्रथा ब्रिटिश सैन्यात 1808 मध्ये बंद झाली. वेणी बांधायच्या काळ्या फिती मात्र या पलटणीच्या अधिकाऱ्यांनी मानेमागे तशाच ठेवल्या. 1834 मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तपासणीत हरकत घेतली. प्रकरण थेट चौथ्या विल्यम राजापर्यंत गेले, आणि त्याने त्या पाच काळ्या फिती या पलटणीची खास खूण म्हणून मान्य केल्या. वेणी गेली आणि फीत राहिली. पलटणीत ज्यांचा काळ गेला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडच्या निवृत्त सुभेदाराला 'काळी पाचवी' हे शब्द ऐकल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. ती 1840 मध्ये बलुचिस्तानातल्या काहूनच्या किल्ल्यात टिच्चून राहिलेली मराठा पलटण. त्या कामगिरीबद्दल 1841 मध्ये तिला लाइट इन्फंट्री हा मान मिळाला आणि आज तो शब्द साऱ्या मराठा पलटणीच्या नावात आहे.

बोकडाची प्रथाही अशीच जुनी आहे. सोन्याचा मुलामा दिलेल्या शिंगांचा बोकड या पलटणीच्या पुढे चालतो असा उल्लेख 1777 मध्ये छापलेल्या एका लिखाणात आहे आणि तो जुना मान म्हणूनच केलेला आहे. 1844 मध्ये व्हिक्टोरिया राणीने आपल्या कळपातला बोकड पलटणीला दिला, तेव्हापासून राजघराण्याकडून बोकड देण्याची रीत पडली. त्याला शुभचिन्ह म्हटलेले पलटणीला चालत नाही. तो पलटणीतला सैनिकच मानला जातो, त्याची देखभाल करणाऱ्याला गोट मेजर म्हणतात. 1 मार्चला संत डेव्हिडच्या दिवशी पलटणीत सर्वांत नव्याने आलेल्या अधिकाऱ्याने एक पाय खुर्चीवर आणि एक पाय मेजावर ठेवून, ढोल वाजत असताना, कच्चा लीक खायचा असतो. लीक म्हणजे कांद्याच्या पातीसारखीच, पण जाड दांड्याची भाजी. ती वेल्सची राष्ट्रीय खूण आहे. बाहेरच्याला या गोष्टी किरकोळ वाटतील. माझे मत वेगळे आहे. तीनशे वर्षांत माणसे, शस्त्रे, राजे सगळे बदलले तरी अठरा वर्षांच्या नव्या पोराला 'तू आता आमचा' हे ज्या रीतीने सांगितले जाते ती रीतच पलटणीला धरून ठेवते.

याच खंडात 1857 येते, आणि इथे आपल्या वाचकाने सावध राहून वाचले पाहिजे. नोव्हेंबर 1857 मध्ये लखनौच्या सिकंदर बागेपाशी याच पलटणीचा लेफ्टनंट हॅकेट आणि जॉर्ज मंगर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा जखमी होऊन उघड्यावर पडलेल्या एका कॉर्पोरलकडे गोळीबारातून धावत गेले. त्याला त्यांनी आडोशाला आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुलाच्या धैर्याला मी नमस्कार करतो. पण त्याच बागेत दोनच दिवसांआधी सुमारे 2,000 बंडवाले शिपाई कापले गेले, आणि तेही कोणाच्या तरी घरची मुले होती. आमच्या नंदगडात 1831 साली संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले. ती जागा मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि कित्तूर तिथून दूर नाही. त्यामुळे साम्राज्याची बाजू हीच जगाची बाजू असे धरून लिहिलेले पुस्तक हातात घेताना ती जागा डोळ्यांपुढून हलत नाही. या नोंदी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या पलटणीसाठी लिहिल्या आहेत. त्यांच्याकडून दुसऱ्या बाजूचा न्याय मागणे व्यर्थ आहे. तपशिलासाठी वाचाव्यात, निवाड्यासाठी नव्हे.

तिसरा खंड फ्रान्स आणि फ्लँडर्सचा. तो वाचायला जड आहे, कारण त्यात खंदकांमागून खंदक येतात. जुलै 1916 मध्ये सोमच्या लढाईत मामेत्झचे रान घेताना 38व्या वेल्श डिव्हिजनचे सुमारे 4,000 लोक कामी आले किंवा जखमी झाले, हा भाग मात्र चुकवू नये. या खंडाला जोडून एक गोष्ट प्रत्येक मराठी वाचकाला माहीत असावी. हेध विन या नावाने वेल्श भाषेत कविता लिहिणारा एक मेंढपाळ या पलटणीच्या 15व्या बटालियनमध्ये होता. 31 जुलै 1917 रोजी तो बेल्जियममधल्या पिल्केम टेकडीपाशी पडला. वेल्श भाषेचे राष्ट्रीय संमेलन असलेल्या आइस्टेथवॉडमध्ये सप्टेंबरात विजेत्या कवीला मानाची खुर्ची द्यायची होती. टोपणनाव पुकारले गेले, तुतारी वाजली, कोणीच उठले नाही. मग विजेता पाच आठवड्यांपूर्वीच रणांगणावर गेल्याचे सांगण्यात आले आणि खुर्चीवर काळे वस्त्र पसरले गेले. कडोलीच्या आणि उचगावच्या संमेलनांत मांडवात बसून कविता ऐकणाऱ्या आपल्या माणसांना त्या रिकाम्या खुर्चीविषयी वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

भाषेवरून आणखी एक. पलटणीच्या नावात 'वेल्श' हा शब्द इंग्रजीत लिहिताना चौथे अक्षर 'एस' असावे की जुन्या वळणाचे 'सी', यावर पलटण आणि युद्ध कार्यालय यांच्यात दीर्घकाळ मतभेद होता. सरकारी कागदात 'एस' होता, पलटण मात्र आपल्या हाताने 'सी' लिहीत राहिली, आणि अखेर 1920 मध्ये लष्करी आदेशाने 'सी' मान्य झाला. म्हणून मी या लेखात 'वेल्श' लोक आणि 'वेल्च' फ्युझिलियर्स असे दोन प्रकारे लिहिले आहे. नावातल्या एका अक्षराला माणसे इतके का धरून बसतात, हा प्रश्न बेळगावात कोणी विचारणार नाही.

चौथा खंड तुर्की, बल्गेरिया आणि ऑस्ट्रिया यांच्याविरुद्धच्या आघाड्यांचा आहे. गॅलिपोली, पॅलेस्टाइन, मॅसिडोनिया यांबरोबर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, यात येतो. 8वी बटालियन ऑगस्ट 1914 मध्ये रेक्सॅम इथे नव्या भरतीतून उभी राहिली. खाणीत आणि शेतात काम करणारी ही मुले गॅलिपोलीत होरपळून निघाली आणि 1916 च्या आरंभी 13व्या डिव्हिजनबरोबर टायग्रिसच्या काठी आली. तोवर कूत सोडवण्याचे जानेवारीतले आणि मार्चमधले प्रयत्न फसले होते. 5 एप्रिलला पहाटे 13वी डिव्हिजन कूतच्या वाटेवरच्या हन्नाच्या तुर्की खंदकांवर चालून गेली. तुर्कांनी बहुतेक ठाणी आधीच सोडली होती. संध्याकाळपर्यंत फलाहियाही घेतले गेले. 9 एप्रिलला त्यापुढच्या सन्नैयातच्या ठाण्यावर हल्ला झाला आणि तो मोडला. एका अंगाला टायग्रिस, दुसऱ्या अंगाला दलदल, मधल्या चिंचोळ्या पट्टीत पुराचे पाणी आणि गुडघाभर चिखल, अशा जागी समोरून गोळीबार होत असताना पुढे जायचे होते. त्याच दिवशी, त्याच 40व्या ब्रिगेडमधल्या साउथ वेल्स बॉर्डरर्सचा शिपाई जेम्स फिन याने शत्रूच्या खंदकांसमोर उघड्यावर जखमींना मलमपट्टी केली आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या तोफांचा आवाज कूतमध्ये ऐकू येत होता. तिथे माझे पणजोबा होते. धान्य संपत आले होते, घोडे मारून खाल्ले जात होते, आणि घोड्याचे मांस खायचे की नाही यावर हिंदी शिपायांची धर्मसंकटे चालू होती. एप्रिलच्या मध्यावर विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. ती पुरली नाहीत. 29 एप्रिल 1916 रोजी, 147 दिवसांनंतर, सुमारे 13,000 लोकांसह कूत शरण गेले. ते सोडवण्याच्या प्रयत्नात बाहेरच्या सैन्याचे सुमारे 23,000 लोक मृत वा जखमी झाले होते. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले गेले. हिंदी कैद्यांतले अनेकजण रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर खपले. पणजोबा वाटेत गेले की तिथे, हे चौथा खंड वाचूनही मला कळलेले नाही, आणि तो खंड ते सांगण्यासाठी लिहिलेलाही नाही. पण 'बसऱ्याला गेले' या दोन शब्दांमागे कुठली नदी, कुठला चिखल, कुठली तारीख होती ते आता मला ठाऊक आहे. ज्या 8व्या बटालियनने एप्रिलात मार खाल्ला तीच पुढच्या वर्षी मार्चमध्ये बगदादच्या मोहिमेत होती, एवढे वाचून मी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

संच 1918 ला थांबतो हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. 1944 मध्ये या पलटणीची 1ली बटालियन कोहिमाला लढली. त्याआधी मार्चमध्ये संगशाकला जपान्यांची वाट रोखून धरणाऱ्यांत आपली 4थी मराठा बटालियन होती. तो सगळा भाग इथे नाही. 1 मार्च 2006 रोजी ही पलटण रॉयल रेजिमेंट ऑफ वेल्सबरोबर 'द रॉयल वेल्श' या नव्या पलटणीत विलीन झाली. तिचे संग्रहालय उत्तर वेल्समधल्या कार्नारवॉनच्या किल्ल्यात आहे.

आता वस्तू म्हणून संच कसा आहे ते. पार्सल ऐन जुलैच्या पावसात आले. वरचे खोके ओले होते, आत मात्र प्लास्टिकचे वेष्टण नीट असल्याने पानांना धक्का लागला नव्हता. फक्त दुसऱ्या खंडाचा कोपरा चेपला होता. कागद पांढराशुभ्र आणि जाड आहे, डोळ्यांना तो टोचतो. मूळ पानांची छायाप्रत घेऊन छापल्यामुळे अक्षरे वाचता येतात, पण तळटिपांची बारीक अक्षरे काही पानांवर भरून गेली आहेत आणि छायाचित्रे काळ्या डागांसारखी उमटली आहेत. बांधणी निव्वळ गोंदाची होती. तिसरा खंड तिसऱ्या आठवड्यातच कण्यातून सुटला.

सर्वांत मोठा दोष चौथ्या खंडात निघाला. मेसोपोटेमियाचा घडीचा नकाशा घडी न उघडताच यंत्राखाली ठेवला गेला होता. सन्नैयात दिसत होते, फलाहिया दिसत होते, आणि टायग्रिसच्या ज्या वळणात कूत वसले आहे ते वळण नेमके घडीच्या आत गेले होते. मी ज्या ठिकाणासाठी पुस्तक घेतले तेच नेमके कागदावर नव्हते. विक्रेत्याला पानाचे छायाचित्र काढून पत्र लिहिले. पहिले उत्तर ठरीव साच्याचे आले, पैसे परत घ्या आणि पुस्तक ठेवा, असे. मला पैसे नको होते, नकाशा हवा होता. दुसऱ्या पत्रात ते सविस्तर लिहिले, तेव्हा मात्र तिकडच्या कोणीतरी लक्ष घातले आणि तीन आठवड्यांनी पूर्ण उघडलेल्या नकाशाची स्वच्छ प्रत संगणकावर पाठवली. चूक मान्य करून ती दुरुस्त केली, याबद्दल त्यांना पूर्ण गुण देतो. मात्र ज्याला पत्रव्यवहाराची चिकाटी नाही त्याच्या हाती अर्धाच नकाशा राहील, हेही लिहिणे माझे कर्तव्य आहे. संच हाती येताच घडीच्या नकाशांची पाने आधी तपासावीत.

चारही खंड मी खडेबाजारातल्या एका जुन्या बायंडरकडे नेले. त्यांनी तिसरा खंड उघडून कण्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, यात फर्मेच नाहीत, सुटी पाने चिकटवलीत. आतून शिवता येणार नाही, बाजूने टोचून शिवावे लागेल. समास थोडा जाईल, चालेल?" मी हो म्हटले. त्यांनी प्रत्येक खंडाला बाजूने शिलाई घातली, खळ लावून कापडी कणा बसवला आणि गडद तांबड्या कापडाचे पुठ्ठे चढवले. खंडामागे 180 रुपये घेतले. समास आत अर्धा इंच गेला, त्यामुळे पुस्तक सपाट उघडत नाही, पण आता ते माझ्या नातवापर्यंत टिकेल.

नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला होता. बायंडरनी चौथ्या खंडात त्या पानाच्या जागी कागदाची पट्टी लावून तो तीन घड्यांत बसवला. तिसरी घडी उघडली की उजवीकडून डावीकडे फलाहिया, सन्नैयात आणि मग नदीचे पूर्ण वळण दिसते.